गोचिडाचं औषध लावण्याआधी: नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

घरात पहिल्यांदा कुत्रा आला की दोन-तीन महिन्यांत एखाद्या दिवशी त्याच्या कानामागे शेंगदाण्याएवढा फुगलेला राखाडी गोचीड हाताला लागतोच. मग धावपळ सुरू होते. शेजारचे काका रॉकेल लावायला सांगतात, गावाकडून फोनवर गोठ्यातल्या बाटलीचं नाव येतं, दुकानदार एक पावडर पुढे करतो आणि मोबाइलवर कुणीतरी लसूण खाऊ घालायचा व्हिडिओ पाठवतं. संध्याकाळपर्यंत यातले दोन-तीन उपाय एकाच कुत्र्यावर होऊन गेलेले असतात.

दत्तक दिलेल्या पिल्लांच्या घरच्यांना मी या कामात मदत करते. माझ्या पाहण्यातली विषबाधा बहुतेक वेळा अशा घाईतच झाली आहे. मात्रा वजनाच्या हिशोबाने नव्हती, औषध गाईम्हशींचं होतं, पिल्लू फार लहान होतं किंवा दोन औषधं एकावर एक पडली. म्हणून कुठलं औषध चांगलं हा प्रश्न मी नंतर घेणार आहे. आधी आपला कुत्रा नीट माहीत करून घ्यायचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. दुष्परिणामांच्या भीतीने औषधच न देणं हा सुरक्षित मार्ग नाही. आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास दिसणारा तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बॅबेसिया या जंतूंचा वाहक आहे. एर्लिकियात ताप येतो, खाणं सुटतं, रक्तातल्या प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त येतं. बॅबेसिया रक्तातल्या लाल पेशींमध्ये शिरून त्या फोडतो. मग हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. या आजारांनी चांगली धडधाकट कुत्री जातात. पिसवांमुळे जीव सहसा जात नाही, पण कातडीला ॲलर्जी होते, कुत्रा स्वतःला ओरबाडून घेतो आणि पिसू गिळली गेली की पोटात पट्टकृमी होतात. अगदी लहान पिल्लांवर पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन तेही दगावू शकतं.

पहिली पायरी: वजन

अंदाज चालत नाही. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून उभे राहा आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. मोठा कुत्रा उचलवत नसेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या, तिथे दोन मिनिटांचं काम आहे. वाढत्या पिल्लाचं वजन प्रत्येक डोसाआधी नव्याने करायचं. दोन महिन्यांपूर्वीचा आकडा पिल्लाच्या बाबतीत निरुपयोगी असतो.

वजनाला एवढं महत्त्व का, ते पाकिटांवरून कळतं. फिप्रोनिल या गोचीड-पिसवा मारणाऱ्या औषधाच्या मानेवर टाकायच्या नळ्या साधारणपणे १० किलोपर्यंत, १० ते २०, २० ते ४० आणि ४० ते ६० किलो अशा गटांत येतात. सर्वांत लहान नळीत ०.६७ मिली औषध असतं आणि सर्वांत मोठीत ४.०२ मिली, म्हणजे सहापट. चघळायच्या गोळ्यांचंही तसंच. ब्रेव्हेक्टोचे गट २ ते ४.५, ४.५ ते १०, १० ते २०, २० ते ४० आणि ४० ते ५६ किलो असे आहेत.

गोळी महाग असते, त्यामुळे मोठ्या कुत्र्याची एक गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत वाटून द्यायचा मोह होतो. पैशांची ओढ मला समजते, तरीही हे करू नका. तुकड्यात औषध किती आलं याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. एकाला जास्त मिळतं, दुसऱ्याला इतकं कमी की गोचीड मरत नाहीत. नळीतलं अर्धं औषध एकाला आणि अर्धं दुसऱ्याला, हेही याच जातीचं.

दुसरी पायरी: कुत्र्याची चिठ्ठी

एका कागदावर एवढं लिहून काढा: वजन, वय, जात (मिश्र असेल तर कशासारखा दिसतो), मादी असेल तर गाभण आहे का, पिल्लांना पाजते का. पुढे कधीही आकडी आली होती का, मधुमेह, यकृताचा किंवा हृदयाचा काही त्रास आहे का, सध्या कुठली औषधं चालू आहेत. गेल्या तीन महिन्यांत गोचीड-पिसवांसाठी काय काय लावलं, पाजलं किंवा टोचलं, तेही तारखेसकट. शेवटी घरात आणखी कोण आहे: मांजर, ससा, माशांची टाकी, रांगतं मूल.

पशुवैद्यांकडे हीच चिठ्ठी न्यायची. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ एखादं औषध बाद करते.

आकडीची ओळ घ्या. चघळायच्या गोळ्यांमधली अफॉक्सोलानेर (नेक्सगार्ड), फ्लुरालानेर (ब्रेव्हेक्टो), सारोलानेर (सिंपारिका) आणि लोटिलानेर (क्रेडेलिओ) ही चारही औषधं आयसोक्साझोलिन या एकाच कुळातली आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या कुळाबद्दल सूचना काढली. काही कुत्र्यांमध्ये स्नायू थरथरणं, तोल जाणं आणि आकडी येणं असे परिणाम आढळले होते, आधी कधीही आकडी न आलेल्या कुत्र्यांमध्येसुद्धा. त्याच सूचनेत एफडीएने ही औषधं बहुसंख्य कुत्र्यांसाठी सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचंही म्हटलं होतं. पहिलं वाक्य तेवढं व्हॉट्सॲपवर फिरतं, दुसरं गाळलं जातं. दोन्ही एकत्र वाचायची. तुमच्या कुत्र्याला कधी आकडी आली असेल तर डॉक्टरांना ते पहिल्याच वाक्यात सांगा, बहुधा ते दुसऱ्या कुळातलं औषध निवडतील. आकडीचा इतिहास नसेल, तर मला स्वतःला आजच्या घडीला हा पर्याय सर्वांत सोपा आणि कमी धोक्याचा वाटतो. मात्रा मोजून तयार येते, आंघोळीने धुतली जात नाही आणि मुलांच्या हाताला काही लागत नाही.

मांजराची ओळ तर फार महत्त्वाची. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याचं यकृत ते मोडून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. कुत्र्याची नळी मांजरावर टाकली तर मांजर काही तासांत थरथरायला लागतं आणि उपचार मिळाले नाहीत तर मरू शकतं. कुत्र्याच्या ओल्या मानेला मांजराने अंग घासलं किंवा ती चाटली तरी पुरे. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचं औषध आणूच नका. आधीच लावून झालं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. आणि ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या जवळपास जाता कामा नये.

तिसरी पायरी: हातात आलेल्या औषधाची ओळख

नावं कंपनीगणिक बदलतात. म्हणून पाकीट उलटं करून आत कुठलं रसायन आहे आणि ते किती टक्के आहे, हे वाचायची सवय लावा. अक्षर बारीक असतं, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. त्याच बाजूला कुठल्या प्राण्यासाठी, किती वयापासून आणि किती वजनापासून हे छापलेलं असतं. हे काहीच छापलेलं नसेल तर पाकीट दुकानातच परत द्या.

*फिप्रोनिल* हे स्प्रे आणि मानेवरच्या नळ्या अशा दोन रूपांत मिळतं. ते कातडीच्या तेलात मुरतं आणि तेलग्रंथींत साठून तिथून हळूहळू पसरत राहतं. याच कारणाने लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. नव्याने कुत्रा पाळणारे नेमकं उलटं करतात. शाम्पूने चकाचक आंघोळ घालून लगेच औषध टाकतात, आणि महिन्याभरात "औषध खोटं होतं" म्हणतात. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते वाळेपर्यंत देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती यांच्यापासून कुत्रा लांब ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा.

*अमिट्राझ* हे आपल्याकडे सर्वांत जास्त चुकीचं वापरलं जाणारं औषध असावं. रिड, टॅक्टिक अशा नावांनी येणाऱ्या १२.५ टक्क्यांच्या बाटलीत ते अर्काच्या रूपात असतं. कुत्र्याच्या अंगावर ते ०.०२५ ते ०.०५ टक्के इतकं पातळ होऊन जायला हवं. म्हणजे एक लिटर पाण्यात २ ते ४ मिली. यातलं नेमकं किती ते डॉक्टर ठरवतील, आणि ते सुई काढलेल्या सिरिंजनेच मोजायचं. "अर्धं झाकण टाका" हा सल्ला ऐकू नका, प्रत्येक झाकण वेगळ्या मापाचं असतं. अर्क कधीही थेट कापसाने लावायचा नाही. जखमांवर, डोळ्यांजवळ नाही. पातळ केलेलं पाणी त्याच वेळी वापरायचं, उरलेलं ठेवायचं नाही. हातमोजे घालायचे आणि वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू द्यायचं नाही.

अमिट्राझ जास्त झालं की कुत्रा सुस्तावतो, लडखडतो, उलटी करतो. हृदयाचे ठोके मंदावतात, अंग गार पडतं, रक्तातली साखर वाढते. त्यामुळे मधुमेही कुत्र्याला ते नको, चिवावासारख्या अगदी लहान जातींनाही नको आणि मांजराला तर नकोच. घरात ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ही आंघोळ घालू नये, दुसऱ्या कुणाला तरी सांगावं. या विषबाधेवर डॉक्टरांकडे उतारा असतो, पण काय लावलं होतं हे त्यांना कळलं तरच तो उपयोगी.

*डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन* ही परमेथ्रिनचीच भावंडं. गोठ्यात फवारायच्या ब्युटॉक्ससारख्या बाटल्या याच घराण्यातल्या. कुत्र्यासाठी मुद्दाम बनवलेला फ्लुमेथ्रिनचा पट्टा आणि गोठ्यातली बाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पट्टा वापरणार असाल तर तो मानेभोवती असताना आत दोन बोटं सहज जायला हवीत. जास्तीची शेपटी कापून टाका, नाहीतर दुसरा कुत्रा किंवा पिल्लू ती चावत बसतं. पहिल्या आठवड्यात रोज पट्टा बाजूला सरकवून खालची कातडी बघा. लाल झाली किंवा केस गेले तर पट्टा काढा.

*आयव्हरमेक्टिनबद्दल* मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण "एक इंजेक्शन मारलं की गोचीड गळून पडतात" हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. गाईम्हशींसाठीच्या १ टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये दर मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं आणि गाईसाठी हिशोब ५० किलो वजनाला १ मिली असा आहे. पाच किलोच्या पिल्लाला तोच हिशोब लावला तरी फक्त ०.१ मिली येतं. घाईत सिरिंज भरून १ मिली टोचलं गेलं, तर गाईच्या दराच्याही दहापट औषध पिल्लाच्या अंगात गेलं. बुबुळं मोठी होतात, लाळ गळते, दिसेनासं होतं, पाय लटपटतात, पुढे बेशुद्धी.

कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींत आणि त्यांच्या मिश्र पिल्लांत बऱ्याच जणांकडे एमडीआर-१ या जनुकातला दोष असतो. निरोगी कुत्र्याच्या मेंदूच्या वेशीवर औषध अडवणारं एक प्रथिन असतं. या कुत्र्यांत ते काम करत नाही आणि आयव्हरमेक्टिन थेट मेंदूत शिरतं. २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी हे शोधून काढलं. अशा कुत्र्याला गाईच्या हिशोबाची मात्रासुद्धा विष ठरू शकते. शिवाय आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा आणि पिसवांवरचं स्पिनोसॅड एकत्र पडलं तर साध्या जातीच्या कुत्र्यालाही त्रास होतो. खरजेसाठी डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात, ते मोजून आणि लक्ष ठेवून देतात. गोचिडासाठी ते कंपाउंडरकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून टोचून घेऊ नका. त्याहून चांगली आणि सुरक्षित औषधं आज मिळतात.

जे घरात आणायचंच नाही

रॉकेल, फिनाइल, टर्पेंटाइन यांनी कातडी भाजते आणि चाटल्यावर फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया होतो. तंबाखूचं पाणी म्हणजे निकोटिन. लसूण-कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो आणि गोचिडावर त्याचा भरवशाचा असा काही परिणाम नाही. टी ट्री तेल नैसर्गिक म्हणून विकलं जातं, पण थोडं अंगाला लागलं तरी लहान कुत्री लुळी पडतात. कापूर तेलात घालून चोळणंही नको. कडुनिंबाचं तेल त्या मानाने सौम्य आहे, मात्र ते गोचीड थोडेसे दूर ठेवण्यापलीकडे फारसं काही करत नाही, आणि गोचिडताप, म्हणजे वर सांगितलेले एर्लिकिया-बॅबेसियाचे आजार, थांबवायला ते पुरत नाही.

जुन्या घरांच्या माळ्यावर अजून गॅमॅक्सिन पावडरचा डबा सापडतो. तिच्यातल्या लिंडेनवर भारतात बंदी आहे. गोठ्यात नुवान नावाने ओळखलं जाणारं डायक्लोरव्हॉसही २०२० च्या अखेरीपासून बंद आहे, तरी जुन्या बाटल्या निघतातच. कुत्र्याला लागलं की तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी, जुलाब, बुबुळं टाचणीएवढी बारीक आणि श्वास अडकणं. अशा बाटल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका आणि नाल्यात ओतू नका, मासे मरतात.

चौथी पायरी: औषध लावणं

नळीचं औषध केसांवर सांडलं तर वाया गेलं. ते कातडीवर जायला हवं. कुत्र्याला उभं करा, एकाने समोरून खाऊ दाखवावा. दोन्ही खांद्यांच्या हाडांच्या मधली जागा चाचपून शोधा, जिथे त्याची जीभ पोहोचत नाही. अंगठ्याने आणि तर्जनीने केस दोन बाजूंना सारा. गुलाबी किंवा करडी कातडी रेघेसारखी दिसायला लागली की नळीचं टोक तिला टेकवा आणि दाबा. कुत्रा मोठा असेल तर पाकिटावर सांगितल्याप्रमाणे पाठीवर तीन-चार ठिकाणी थोडं थोडं. कातडीवर जखम, पुरळ किंवा ओरखडा असेल तर आधी ती बरी होऊ द्या. लावून झालं की हात साबणाने धुवा. त्या रात्री कुत्रा मुलांच्या अंथरुणात नको.

गोळी असेल तर पाकिटावरची सूचना बघा. ब्रेव्हेक्टो जेवणाबरोबर द्यायची असते. रिकाम्या पोटी दिली तर ती नीट अंगी लागत नाही. गोळी डोळ्यांदेखत गिळली गेली पाहिजे, नंतर सोफ्याखाली सापडली तर उपयोग नाही. उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरी देऊ नका, डॉक्टरांना किती वेळाने उलटी झाली ते सांगून विचारा.

पिल्लांच्या वयाबद्दल: बरीच औषधं आठ आठवड्यांनंतरच चालतात, काहींची अट त्याहून जास्त आहे. त्याआधी पिसवांसाठी बारीक दातांचा कंगवा, कोमट पाणी आणि साबणाच्या पाण्याचं भांडं एवढंच. कंगव्यात आलेली पिसू पाण्यात बुडवायची. पिल्लू लगेच कोरडं करून उबेत ठेवायचं. फार लहान पिल्लांवर गोचीड असतील तर घरी काही लावण्यापेक्षा दवाखाना गाठा.

पहिला डोस सकाळी द्या, शक्यतो दवाखाना उघडा असेल अशा दिवशी. रविवारी रात्री दहाला नवं औषध देऊन झोपणं म्हणजे काही झालं तर कुणीच हाताशी नाही. आणि एका वेळी एकच औषध. नवी लस, जंताची गोळी आणि गोचिडाची गोळी एकाच दिवशी पडली तर त्रास कशाचा हे सांगता येत नाही.

पाचवी पायरी: पुढचे दोन दिवस

एखादी उलटी, एखाद्-दुसरा पातळ जुलाब, थोडी सुस्ती, नळी टाकली तिथे खाज, हे अधूनमधून होतं आणि बहुधा आपोआप थांबतं. गोळी दिल्यावर गोचीड लगेच गळत नाहीत हेही लक्षात ठेवा. ते चावल्यावरच औषध त्यांच्या पोटात जातं आणि मरायला एक-दोन दिवस लागतात. याच काळात नवखे लोक घाबरून वरून अमिट्राझची आंघोळ घालतात. थांबा.

लगेच दवाखान्यात नेण्याची लक्षणं वेगळी आहेत: अंग किंवा चेहरा थरथरणं, चालताना तोल जाणं, आकडी, लाळेची धार, वारंवार उलट्या, तोंड-डोळ्यांभोवती सूज, श्वास लागणं, अंग गार पडणं, हाका मारूनही न उठणं.

निघण्यापूर्वी एवढं करा. औषध अंगावर लावलेलं असेल आणि कुत्रा शुद्धीत असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने ती जागा धुवा, पुसून कोरडं करा आणि चादरीत गुंडाळा. गार पाणी ओतू नका. पट्टा असेल तर काढा. पोटात गेलेलं असेल तर मिठाचं पाणी, दूध, तेल पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. रॉकेलसारख्या गोष्टी उलटीवाटे परत येताना फुप्फुसात जातात. आकडी चालू असेल तर तोंडात हात घालायचा नाही, चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही. आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलेली आकडी किंवा लागोपाठ येणाऱ्या आकड्या म्हणजे एक क्षणही थांबायचं नाही. औषधाचं पाकीट, बाटली, नळी, जे असेल ते पिशवीत टाकून बरोबर न्या. "काहीतरी पांढरं पाणी होतं" यावर डॉक्टर उतारा देऊ शकत नाहीत. आणि गोठ्यातलं औषध लावलं असेल तर लाजून लपवू नका.

रात्री-अपरात्री कुठे जायचं हे आज ठरवून ठेवा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दवाखाना कुठल्या वेळात चालू असतो आणि रात्री कोण असतं, हे फोन करून आधीच विचारा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा नंबरही फ्रिजवर चिकटवून ठेवा.

अंगावरचा गोचीड काढताना

हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हाताला. चिमट्याने गोचीड त्याच्या फुगीर पोटाला न धरता कातडीला अगदी लागून, तोंडापाशी धरा आणि सरळ, संथपणे वर ओढा. झटका नको, पिळणं नको. त्याच्यावर रॉकेल टाकणं, उदबत्तीचा चटका देणं, तेल ओतणं यांनी तो आपल्या पोटातलं कुत्र्याच्या अंगात ओकण्याची भीती असते. काढलेला गोचीड स्पिरिटच्या झाकणबंद बाटलीत टाका. नखाने चिरडू नका, दगडाने ठेचू नका. हाच तपकिरी गोचीड माणसाला येणाऱ्या एका ठिपक्यांच्या तापाचे जंतूही वाहतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरी भागात जंगलातल्या वेगळ्या गोचिडांमुळे माणसांना माकडताप होतो. तिथे कुत्रा रानात जाऊन आला असेल तर तपासणी करताना हात उघडे ठेवू नयेत.

शोधायचं कुठे? कानाच्या आतली घडी, कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि पायाच्या बोटांमध्ये. शेवटची जागा सगळे विसरतात. पंजा हातात घेऊन बोटं फाकवा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. तिळाएवढे तपकिरी ठिपके हलताना दिसले तर ती गोचिडाची पिल्लं. पावसाळ्यात आणि त्यानंतर हे रोज करा, कारण एर्लिकियाचा जंतू चावल्यावर काही तासांतच अंगात जाऊ शकतो. उन्हाळ्यात-हिवाळ्यातही सुटी नाही, आपल्या हवेत गोचीड बारा महिने टिकतात.

घर

औषध देऊनही गोचीड येतच राहिले की लोक मात्रा वाढवतात. चूक तिथे नसते. तपकिरी गोचीड आयुष्यातला बराचसा काळ कुत्र्याबाहेर काढतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि फटीत काही हजार अंडी घालून मरते. बाहेर येणारी पिल्लं कुत्र्यावर चढतात, पितात, उतरतात, कात टाकून पुन्हा चढतात. म्हणून चौकटीच्या फटी, फोटोफ्रेमची मागची बाजू, दिवाणाचे सांधे, पंख्याच्या वरचा कोपरा, इथे टॉर्च मारून बघा. भेगा पुट्टीने बुजवा. कुत्र्याची चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पिसवांसाठी फरशी आणि गालिचा व्हॅक्यूमने किंवा केरसुणीने रोज झाडा. त्यांचे कोश महिनोन्महिने तग धरतात.

फवारणी करायचीच झाली तर कुत्रा, मांजर, पक्षी, मुलं फरशी पूर्ण वाळेपर्यंत बाहेर. माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद करा, डेल्टामेथ्रिन-सायपरमेथ्रिन माशांना फार घातक असतं. घरात फवारलं त्याच दिवशी कुत्र्याच्या अंगावर दुसरं औषध नको. आणि घरात दोन कुत्री असतील तर दोघांनाही उपचार करा, एकालाच दिले तर गोचीड दुसऱ्यावर वाढत राहतात.

गल्लीतल्या कुत्र्यांना देताना

बरेच जण सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या कुत्र्यांनाही गोळी देतात, आणि ते करावंच. तीन महिने टिकणारी गोळी इथे सोयीची पडते. फक्त ती अन्नात मिसळून सगळ्यांपुढे ठेवू नका. धीट कुत्रा तिघांचा डोस खाऊन जातो. प्रत्येकाला हातातून, थोड्या पनीरमध्ये किंवा चिकनच्या तुकड्यात, बाकीच्यांपासून जरा बाजूला घेऊन द्या आणि गिळेपर्यंत उभे राहा. मादी गाभण आहे की पाजते आहे हे पोट आणि आचळं बघून ठरवा, शंका असेल तर डॉक्टरांना फोटो दाखवा. वजन हातावर उचलून किंवा फोटोवरून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं लागेल, तेव्हा दोन गटांच्या सीमेवरच्या कुत्र्याबद्दल त्यांनाच विचारा. गल्लीत आणखी कुणी खाऊ घालणारं असेल तर त्यांच्याशी बोलून घ्या. एकच वही किंवा मोबाइलवर एकच यादी ठेवा: कुत्र्याचा रंग, खूण, औषधाचं नाव, तारीख. नाहीतर सकाळी तुम्ही गोळी देता आणि संध्याकाळी पलीकडच्या इमारतीतल्या ताई त्याच कुत्र्याला दुसरी देतात.